विंडी: बर्फ मनालीत, जागरणं इंदुरात

विंडी या हवामानाच्या अ‍ॅपला आधी मार्क सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. ज्याला फक्त "वीकेंडला मनालीत बर्फ मिळेल का हो" एवढंच हवंय त्याने फुकटवालं विंडी टाकून घ्यावं, मनालीवर बोट ठेवावं आणि मोकळं व्हावं, प्रीमियमचे जे पैसे वाचतील त्यात सराफ्यात जाऊन गराडू खावेत. बाकी ज्यांना आमच्यासारखी खोड आहे, म्हणजे बर्फ पडणार हजार किलोमीटरवर आणि झोप उडालेली इथे राजेंद्रनगरात, त्यांच्यासाठी पुढचं लांबण.

हो, इंदुरात असले लोक आहेत. कर्कवृत्त आपल्या वरून उज्जैनकडून जातं, म्हणजे आपण हिशेबाने उष्ण कटिबंधातले, शहराची उंची जेमतेम साडेपाचशे मीटर, इथे बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. तरी डिसेंबर लागला की आमच्या कॉलनीत काही जणांना हे चढतं. वरच्या मजल्यावरचे काका (बँकेतून रिटायर, ऑक्टोबरपासून माकडटोपी), माझा भाचा जो इंजिनिअरिंग सोडून बाकी सगळ्याचा अभ्यास करतो, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला भिया, आणि मी. कुणाला शेअर मार्केट असतं कुणाला क्रिकेट, आम्हाला हे आहे. येत्या शनिवार-रविवारी हिमाचल-काश्मीरवर एक तगडा वेस्टर्न डिस्टर्बन्स येतोय अशी लक्षणं सोमवारपासून दिसून राहिलीत आणि त्या नादात या आठवड्यात विंडी इतकं उघडलंय की म्हटलं आता लिहूनच टाकू, नाहीतरी झोप नाहीच.

वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणजे आपल्याकडच्या हिंदी पेपरात रोज थंडीत छापून येतो तो पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघतो, वरच्या पश्चिमी वाऱ्यांवर बसून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत येतो, वाटेत अरबी समुद्राकडूनही बाष्प ओढून घेतो आणि हिमालयाला भिडला की ती सगळी हवा वर चढते, गार होते आणि रिकामी होते. थंडीच्या महिन्यात असे चार-सहा येतात पण सगळे कामाचे नसतात, निम्मे तर नुसतं आभाळ दाखवून लडाखकडे सटकतात. कामाचा कोणता आणि रिकामटेकडा कोणता हे आधी ओळखणं हाच सगळा खेळ आणि त्यासाठीच विंडी.

विंडी हे चेक लोकांचं. इव्हो लुकाचोविच म्हणून माणूस आहे, त्यांच्याकडचं सेझनाम नावाचं मोठं सर्च इंजिन त्यानेच काढलं होतं, त्याने २०१४ साली हे सुरू केलं. त्यांच्याकडे स्वतःचा हवामानखात्यासारखा पसारा नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण "विंडी म्हणतंय बर्फ पडणार" असं लोक जे म्हणतात ना ते चूक. विंडी काहीच म्हणत नाही. म्हणतात ती मॉडेलं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुढच्या हवेचं गणित मांडणारे प्रोग्राम. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस, जर्मनीचं आयकॉन, स्वित्झर्लंडच्या बाझलहून मेटिओब्लू, या सगळ्यांचं काम विंडी एका नकाशावर मांडून देतं आणि इतकं देखणं मांडतं की हवामानात रस नसलेली माझी आत्यासुद्धा पाच मिनिटं त्या वाहणाऱ्या रेघांकडे बघत बसली आणि मग म्हणाली, हे छान आहे रे, पण याचं करायचं काय.

तर करायचं असं. उघडल्यावर जे दिसतं तो जमिनीजवळचा वारा, त्यात बर्फवाल्यांचं काही नाही. बाजूला उंचीची पट्टी असते ती ओढून ५०० हेक्टोपास्कलवर (हे हवेच्या दाबाचं माप) न्यायची, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरचा वारा, आणि नकाशा जरा झूम आउट करून अफगाणिस्तान-पाकिस्तान दिसेल असा धरायचा. पश्चिमेकडून सरळ येणाऱ्या रेघांना मध्येच झोळीसारखा झोल पडलेला दिसला तर तो ट्रफ, तोच आपला पाहुणा. झोल जितका खोल आणि दक्षिणेकडे उतरलेला तितकं बरं, कारण मग त्याच्या पुढच्या बाजूने नैऋत्येचे वारे अरबी समुद्राचं बाष्प घेऊन सरळ धौलाधार आणि पीर पंजाल या डोंगररांगांवर आपटतात. नुसता वरच्यावर काश्मीरवरून गेला तर गुलमर्गला थोडंफार, मनालीला ढग, शिमल्याला ऊन. खालच्या टाइमलाइनवर बोट सरकवत शुक्रवारवरून रविवारवर गेलं की तो झोल सरकत सरकत पंजाबवर येताना दिसतो. खरं सांगतो, वेबसिरीजपेक्षा जास्त मजा येते.

मग येतं सगळ्यांचं लाडकं न्यू स्नो लेयर. यात पुढच्या १२ तासांत, २४ तासांत, ३ दिवसांत, ५ दिवसांत, १० दिवसांत मिळून किती नवा बर्फ पडेल ते रंगात दिसतं आणि बोट ठेवलं की आकडा. लोक इथेच फसतात. आकडा सेंटीमीटरमध्ये आणि तोही इतक्या थाटात की जणू पट्टीने मोजून आणलाय. पण मॉडेल आधी पाणी काढतं आणि मग पाण्याचा बर्फ करतं. ढोबळ हिशेब असा की १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ सेंटीमीटर बर्फ, पण हा झाला सरासरी हिशेब. थंडी कडक असेल तर तेवढ्याच पाण्याचा बर्फ हलका, भुसभुशीत आणि जास्त जाडीचा होतो, आणि तापमान शून्याच्या आसपास लटकत असेल तर ओला, जड, निम्म्यासुद्धा जाडीचा होत नाही. मनालीसारख्या ठिकाणी बहुतेक वेळा हेच दुसरं असतं. म्हणून न्यू स्नोचा आकडा बघून हुरळायचं नाही, आधी त्याच ठिकाणी कंपेअर दाबायचं.

कंपेअर हा या अ‍ॅपचा जीव आहे आणि मी जे साडेचार देऊन राहिलोय त्यातले दोन तरी याचेच. जागेवर टॅप केलं की खाली तक्ता येतो, तिथून कंपेअरमध्ये गेलं की एकाच जागेसाठी सगळी मॉडेलं एकाखाली एक. या आठवड्यात तेच बघतोय, सोमवारी एक मॉडेल म्हणत होतं मनालीच्या वरच्या सोलंगला दोन फूट, दुसरं म्हणत होतं चार बोटं, तिसऱ्याने तर शनिवारचं लग्न रविवारी ढकललं होतं. मंगळवारी दोन फूटवाला जरा खाली आला, चार बोटंवाला वर सरकला. बुधवारी तिघंही एकाच दिवसावर आले. आता सगळ्यांची वेळ जुळली की समजायचं पाहुणा नक्की, फक्त पानात किती वाढणार ते ठरायचंय. ही जी जुळत जाण्याची गंमत आहे ना ती एकच आकडा दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये कधी कळतच नाही. माझ्या फोनमध्ये आधीपासून टाकून आलेलं एक हवामानाचं अ‍ॅप आहे, नाव नाही घेत, ते रविवार म्हटलं की एक बर्फाचं फूल काढून दाखवतं आणि विषय संपला. सकाळी फूल, दुपारी सूर्य, रात्री परत फूल. का बदललं विचारायची सोय नाही. आपल्याला भांडण बघायचं असतं हो, निकाल नाही.

आता जागरणाचा विषय. मॉडेलं मनाला येईल तेव्हा चालत नाहीत. जगभरातून एकाच ठरलेल्या वेळी, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला, फुगे सोडून वरच्या हवेची मोजणी करतात, आपल्या भोपाळहूनही सोडतात. ते फुगे, उपग्रह, विमानं, जहाजं असं सगळं गोळा करून मॉडेल चालतं. जीएफएस जरा लवकर हाताशी येतं, ईसीएमडब्ल्यूएफला सहा-सात तास लागतात, म्हणजे एक रन (एकदा चालवलेलं अख्खं गणित) आपल्याकडे दुपारच्या जेवणाला येतो आणि दुसरा मध्यरात्रीच्या सुमारास. या दुसऱ्याने घरं मोडायची. रात्री साडेबाराला काका गॅलरीत येतात, माकडटोपी, शाल, एका हातात फोन, आणि खाली माझ्या खिडकीकडे बघत दबक्या आवाजात विचारतात, "आला का रे? किती देऊन राहिलाय?" मी म्हणतो, "काका, अजून जुनाच दिसतोय, तुम्ही झोपा." ते म्हणतात, "मी कुठे जागाय, पाणी प्यायला उठलो होतो." रोज. आणि दहा मिनिटांनी वरून परत, "सोलंग बघ, सोलंग." काकूंनी एकदा मला जिन्यात गाठून विचारलं की या अ‍ॅपला रात्रीचं बंद नाही का करता येत. मी म्हटलं, काकू, ब्रिटनमधल्या रेडिंगला ऑफिस आहे त्या ईसीएमडब्ल्यूएफवाल्यांचं, तिथे सांगावं लागेल. तेव्हापासून आमचा चहा बंद आहे त्यांच्याकडचा.

बाकी एक गोष्ट जी मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शिकवतो आणि कुणी ऐकत नाही ती म्हणजे फ्रीझिंग अल्टिट्यूड. बर्फ किती पडणार याच्याआधी विचारायचं बर्फ कुठपर्यंत उतरणार. फ्रीझिंग अल्टिट्यूड म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य आहे ती उंची. बर्फ त्याच्याही खाली दोन-तीनशे मीटर न वितळता येऊ शकतो, त्याच्याखाली पाऊस. आता उंच्या पाठ करून ठेवा, मनाली गाव साधारण २०५०, शिमला २२०० च्या आसपास, सोलंग अडीच हजार, गुलमर्ग २६५०, कुफ्री-नारकंडा २७०० च्या घरात, अटल टनेलच्या पलीकडचं सिस्सू ३१००. समजा शनिवारी दुपारी ही शून्याची रेघ २६०० मीटरवर आहे, तर सिस्सूला जोरदार, सोलंगला ओला पण बर्फ, आणि मनालीच्या माल रोडवर छत्री. तीच रेघ रात्री २१०० वर उतरली की सकाळी माल रोड पांढरा. हॉटेलवाले आणि टूरवाले हा फरक सांगत नाहीत, त्यांच्या दृष्टीने सगळंच मनाली. "बर्फ गॅरंटीड" म्हणून इंदुरातून बस भरतात आणि मग लोक तिथे चिखलात उभे राहून फोटोत मागे डोंगर येईल असं बघतात.

ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी उंचीची पट्टी ७०० हेक्टोपास्कलवर न्यायची, ती साधारण ३००० मीटरची हवा, आणि तापमान बघायचं. हवा दर किलोमीटरला साडेसहा अंशांच्या आसपास गार होते, म्हणजे ३००० वर उणे ६ असेल तर मनालीच्या उंचीवर शून्याच्या आगेमागे. भाच्याने याचं एक्सेल बनवलंय, त्याच्या सबमिशनपेक्षा नीटनेटकं आहे ते. फक्त एक ध्यानात ठेवायचं, पाणी जोरात पडून राहिलं असेल तर वितळता वितळता बर्फच आसपासच्या हवेतली उष्णता खातो आणि ती रेघ स्वतःच आणखी खाली ओढतो. म्हणून मोठ्या स्नोफॉलमध्ये बर्फ हिशेबापेक्षा खाली उतरलेला दिसतो आणि रिमझिम असली तर हिशेबाइतकाही उतरत नाही. काका याला "डोंगराचा मूड" म्हणतात. मी वाद घालत नाही, वयाचा मान आहे.

आता अर्धा मार्क. ईसीएमडब्ल्यूएफचं मेन मॉडेल जगाला ९ किलोमीटरच्या चौकोनांत कापतं, जीएफएस विंडीवर येतं ते त्याहून मोठ्या चौकोनांत, बाविसेक किलोमीटर. माळव्याच्या सपाटीवर ९ किलोमीटर म्हणजे काहीच नाही, देवास नाक्यापासून बायपासपर्यंत हवा काय बदलणार. पण बियासच्या खोऱ्यात ९ किलोमीटरमध्ये खाली नदी, मध्ये सफरचंदाच्या बागा आणि वर चार हजारांची धार, सगळं एकाच चौकोनात येतं. मॉडेल त्याची सरासरी काढून एक गुळगुळीत डोंगर धरतं जो प्रत्यक्षात तिथे नाहीच. म्हणून खोऱ्यातल्या गावाला मॉडेल खऱ्यापेक्षा उंच समजून जास्त बर्फ देऊन बसतं आणि धारेला कमी. हा दोष विंडीचा नाही म्हणा, पण विंडी झूम करू देतं, अगदी हॉटेलच्या गच्चीपर्यंत, रंग एकातून एक अलगद मिसळलेले, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की गल्लीगल्लीचा हिशेब आलाय. आणि दुसरं, दहाव्या दिवसाचा आकडा तितक्याच ठसक्यात दाखवतात जितका उद्याचा. तो जरा फिका तरी करायचा होता. ईसीएमडब्ल्यूएफवाले स्वतःच एकदा सोडून थोड्याथोड्या फरकाने ५१ वेळा गणित चालवतात, कशासाठी, तर आपलंच आपल्याला किती खरं वाटतंय ते कळावं म्हणून. सात-आठ दिवसांपुढे ती ५१ उत्तरं सगळीकडे पांगतात. नवीन माणसाला हे कोण सांगणार, तो दहा दिवसांच्या न्यू स्नोचा स्क्रीनशॉट काढतो आणि नातेवाइकांत फिरवतो. आमच्या मेडिकलवाल्या भियाने अशाच एका स्क्रीनशॉटवर मालवा एक्सप्रेसची अंबाल्यापर्यंतची चार तिकिटं काढली होती, वेटिंग. तिकीट कन्फर्म झालं, बर्फ नाही झाला.

आणि बर्फ न होणं ही काय नवलाची गोष्ट राहिली नाही आता. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग अर्ध्याहून जास्त महिना कोरडं ठणठणीत होतं, स्कीच्या उतारांवर पिवळं गवत, महिनाअखेरीला कुठे बर्फ आला. २०२५ मध्ये फेब्रुवारीतले खेलो इंडिया विंटर गेम्स गुलमर्गला बर्फच पुरेसा नाही म्हणून पुढे ढकलावे लागले. त्या दिवसांत विंडी उघडलं की ५०० हेक्टोपास्कलच्या रेघा वर मध्य आशियावरून सरळ धावताना दिसायच्या, झोल नाहीच. काका तेव्हा रात्री पाणी प्यायलाही उठत नव्हते. म्हणून यंदा असा एखादा वीकेंड दिसला की जीव थोडा जास्तच गोळा होतो.

आपल्या हवामानखात्याबद्दलही बोलायला पाहिजे, कारण विंडी वापरणाऱ्यांना एक उगाच माज येतो की आयएमडी काय बघायचं. अहो, १८७५ पासूनचं खातं आहे. शिमल्याचं केंद्र हिमाचलचं बुलेटिन काढतं, श्रीनगरचं काश्मीरचं, आणि त्यात जो यलो-ऑरेंज-रेड इशारा असतो तो मॉडेल बघून, निरीक्षणं बघून, माणसाने बसून ठरवलेला असतो. भाषा जरा सरकारी असते पण तिचा अर्थ काढायला शिकलं की सोनं आहे. आयसोलेटेड लिहिलं की जिल्ह्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी, स्कॅटर्ड म्हणजे ५० पर्यंत, फेअरली वाइडस्प्रेड म्हणजे ७५ पर्यंत, आणि वाइडस्प्रेड म्हणजे त्याच्याही वर. बुलेटिनमध्ये "आयसोलेटेड"चं "फेअरली वाइडस्प्रेड" झालं की आम्ही इथे पेढे वाटायच्या मूडमध्ये येतो. शिवाय मे २०२५ पासून त्यांचं स्वतःचं भारत फोरकास्ट सिस्टिम चालू झालंय, ६ किलोमीटरच्या चौकोनांचं, आणि ते बनवलंय कुणी तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने. म्हणजे चौकोनाच्या बारकाईत पुण्याने रेडिंगला मागे टाकलं. आता पुणेकर हे जन्मभर ऐकवणार ते सोडा. इन्सॅटचे ताजे फोटोही आयएमडीच्याच साइटवर बघतो मी, पाहुणा खरंच निघालाय का नुसता कागदावर आहे ते त्यावरून कळतं.

माझी पद्धत म्हणाल तर आठ-दहा दिवस आधी विंडीवर नुसता झोल दिसतोय का बघायचं, आकड्याकडे ढुंकूनही नाही. पाच दिवस उरले की कंपेअर. तीन दिवस उरले की फ्रीझिंग अल्टिट्यूड आणि न्यू स्नो, आणि त्याच्यापुढे शिमल्याचं बुलेटिन, विंडी बंद नाही पण दुय्यम. हे शेवटचं ज्यांना गाडी घेऊन जायचंय त्यांच्यासाठी तर फारच. अटल टनेल २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यापासून नऊ किलोमीटर आत घुसलं की पलीकडे सिस्सू, तीन हजारांच्या वर, भर हिवाळ्यात, त्यामुळे बर्फ पडायला लागला की सगळे तिकडेच पळतात आणि परतताना अडकतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते टनेल पट्ट्यात शेकडो गाड्या अशाच अडकून बसल्या होत्या, पोलिसांनी रात्रभर लोकांना काढलं. आणि पाकिस्तानातल्या मरीचं जानेवारी २०२२ चं तर वाचवत नाही, वीसच्या वर माणसं गेली, गाडीत बसल्या बसल्या, बाहेर बर्फ साचत गेला आणि आत हीटर चालू. सायलेन्सर बर्फाखाली गेला की धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत येतो आणि त्याला वासही येत नाही. हे विंडीच्या कुठल्याच रंगात दिसत नाही. चंदीगडची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, तिकडे वर जाणाऱ्यांनी तेही बघावं.

आता तुम्ही म्हणाल बर्फ तिकडे, इंदुरात बसून एवढा कुटाणा कशाला. तर साहेब, तोच पाहुणा आपल्याकडेही चिठ्ठी टाकून जातो. तो जोरदार असला की राजस्थान-माळव्यावर ढग येतात, रात्रीचं तापमान उलट वर जातं, लोक म्हणतात थंडी गेली वाटतं, आणि नशीब असेल तर मावठा, म्हणजे थंडीतला पाऊस, पडतो. गव्हाला, हरभऱ्याला तो मावठा म्हणजे लॉटरी, गारा पडल्या नाहीत तर. मग पाहुणा पुढे गेला, आभाळ मोकळं झालं, की त्या ताज्या बर्फावरून उत्तरेचा वारा सुटतो आणि दोन-तीन दिवसांत इंदूर गारठतं. मी हे विंडीवर बघून सांगतो कॉलनीत, सोमवारी शाल आत ठेवू नका, बुधवारी लागेल. एवढं एक भाकीत बहुतेक वेळा बरोबर येतं म्हणून कॉलनीत माझी थोडी इज्जत आहे. या वेळचं सांगायचं तर शनिवारी इथे ढग, रविवारी कदाचित चार थेंब, मंगळवारपासून पोह्यांच्या गाडीवर लोक चहाचा कट दोन्ही हातांनी धरून उभे.

प्रीमियम. घेतलं तर तीन तासांऐवजी दर तासाचा अंदाज दिसतो आणि ईसीएमडब्ल्यूएफचे मधले रनही मिळतात, म्हणजे दिवसात दोनाऐवजी चार. विमानवाले, समुद्रात जाणारे, पॅराग्लायडिंगवाले यांना तासाचा हिशेब लागतो, त्यांनी जरूर घ्यावं. प्रत्यक्ष सोलंगला उभं राहून दुपारी तीनला निघू का पाचला हे ठरवायचं असेल तरी पैसे वसूल. घरी बसून बर्फाची वाट बघणाऱ्याला तीन तासांचा टप्पा पुष्कळ आहे, आणि चार रन मिळायला लागले तर काकूंना कोण तोंड देणार. अलर्टची सोय आहे, एखादी जागा लावून ठेवली की अटी जुळल्या की फोन वाजतो, पण ती मी बंद ठेवलीये, आयतं कळण्यात काय मजा. मोबाइलपेक्षा कॉम्प्युटरवर जास्त चांगलं चालतं, मोठ्या स्क्रीनवर अफगाणिस्तान ते हिमाचल एकदम दिसतं आणि माउसने उजवं क्लिक करून साउंडिंगही काढता येतं, ते काय असतं ते भाच्याला विचारा, मलाही त्यानेच शिकवलं. जुन्या फोनवर जरा जड जातं, डेटाही खातं.

तर साडेचार. शुक्रवार दुपारचा रन अजून यायचाय, तिन्ही मॉडेलांत सध्या सोलंगला फूटभर आणि माल रोडला "बघू" असं चाललंय. ज्यांची रिझर्व्हेशन्स आहेत त्यांनी टायरच्या साखळ्या खालीच कुल्लूत भाड्याने घ्या, वर गेल्यावर भाव पण वर जातात. आणि कुणी मनालीत पोचलंच तर रात्री बाराला फोटो टाकू नका, सकाळी टाका, इथे एका घरातला चहा पणाला लागलाय.